भूकलाडू, तहानलाडू आणि एक पिवळा पाऊच

"मॅडम, ही पूड कसली?"

हिंजवडीतल्या एका क्लायंटच्या ऑफिसचं गेट. सकाळचे पावणेदहा. माझ्या मागे लॅपटॉप बॅगा लटकावलेल्या पब्लिकची भली मोठी लाइन आणि सिक्युरिटीवाल्या दादांच्या हातात माझा पिवळा झिपवाला पाऊच. पाऊचमध्ये एक घट्ट बंद केलेली पुडी आणि पुडीत मातकट रंगाचं पीठ.

"सातूचं पीठ आहे," मी म्हटलं.

"सातूचं?" दादांचा चेहरा एकदम खुलला. "गूळ-पाणी घालून खातात ते ना? आमची आजी द्यायची, शेतावर जाताना..."

लाइन आणखी दोन मिनिटं खोळंबली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पर्समध्ये सातू? सही आहे बॉस!"

तर मंडळी, बाकीच्या मुलींच्या पर्समध्ये लिपस्टिक, पॉवर बँक आणि परफ्यूम सापडतो. माझ्या पर्समध्ये एका छोट्या माणसाचं एक वेळचं अख्खं जेवण सापडतं. चमचा, ओले टिश्यू आणि इंजेक्शनच्या डबीसकट. आणि ते रोज असतं, कारण ऑफिस सुटलं की मी थेट पाळणाघर गाठते आणि तिथून पुढे आमचे चिरंजीव माझ्या ताब्यात. वय वर्षं पावणेपाच. आवडता प्राणी जेसीबी. आणि दोन गोष्टी त्याला अजिबात चालत नाहीत : दूध आणि शेंगदाणे.

"अय्या, एवढंच ना?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या मराठी स्वयंपाकघरात डोकावून बघावं. काकडीच्या कोशिंबिरीत कूट. भरल्या वांग्यात कूट. अळूच्या भाजीत दाणे, कांदेपोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे. चटणी तर दाण्यांचीच. जिथे दाणे नाहीत तिथे तूप, साय, लोणी, दही, खवा. वरण-भातावर तूप नाही घातलं तर पाहुण्यांचा अपमान झाल्यासारखं वाटणारी माणसं आपण!

खिचडीचा दिवस

दुधाचं आम्हाला लवकर कळलं होतं. सातव्या महिन्यात पहिल्यांदा वरचं दूध दिलं आणि तोंडाभोवती लाल चट्टे उठले, पाठोपाठ उलटी. तपासण्या झाल्या, दूध बंद झालं, आम्ही नारळाच्या दुधावर आणि नाचणीवर स्थिरावलो. आता काय, जिंकलं, असं वाटायला लागलं होतं.

मग आषाढी एकादशी आली. तो पावणेदोन वर्षांचा. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, साबुदाण्याची खिचडी केली. तुपावर नाही, मुद्दाम तेलावर. नातवाला चालावी म्हणून. दाण्याच्या कुटाचा विचार कुणाच्याही मनात आला नाही. का यावा? खिचडीतला कूट ही विचार करायची गोष्टच नव्हती.

त्यानं दोन घास खाल्ले. दहा मिनिटांत ओठ सुजले. मग पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. उलटी झाली, खोकला सुरू झाला. आणि मग तो एकदम गप्प झाला. रडायचाही थांबला, मान टाकली. त्या गप्प होण्याची आठवण आली की आजही मीटिंगमध्ये माझे हात गार पडतात.

हॉस्पिटल चार चौक पलीकडे होतं म्हणून वाचलो. मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत त्याच्या चेहऱ्याचा रंग परत आला. रात्रभर त्याला ठेवून घेतलं, कारण बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो. आई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्या घरी गेल्या नाहीत, जेवल्या नाहीत, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा कुटाची बरणी जागेवर नव्हती. मिक्सरचं भांडंही नव्हतं. कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर मी रात्र रात्र वाचत बसले. 2015 साली लंडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासूनच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिलेच नाहीत. न दिलेल्यांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी जास्त निघाली. वाचलं आणि मी ढसाढसा रडले. म्हणजे मी लवकर दिलं असतं तर...?

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "हा सल्ला अजून अ‍ॅलर्जी न झालेल्या बाळांसाठी आहे. तुमच्या बाळाला झालीय. आता घरच्या घरी थोडंथोडं देऊन सवय लावायला जाऊ नका. मागचं मोजण्यात वेळ घालवू नका, बॅग भरायला शिका."

आणि मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी आमच्या फ्रिजवर चिकटवलंय : "भुकेल्या मुलाच्या आईची हिंमत वाढते. ती वाढू द्यायची नाही."

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. कसं कळलं ते पुढे सांगते.

'थोडंसं चालेल ना?'

आधी आपल्या प्रेमळ मंडळींविषयी. आपल्याकडे मुलाला कुणी मुद्दाम त्रास देत नाही. प्रेमानं भरवतात, हाच प्रॉब्लेम आहे.

"कणभर दिलं तर काय होतंय?" हा प्रश्न मी आजवर किमान शंभर वेळा ऐकलाय. होतंय, काकू. अ‍ॅलर्जी म्हणजे न पचणं नव्हे. शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या किंवा दाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि हल्ला चढवते. शत्रू कणभर आहे की वाटीभर, हे ती मोजत बसत नाही.

"मग लॅक्टोज-फ्री दूध द्या ना!" हे आमच्या टीममधल्या एका गोड मुलानं सुचवलं, वर एक पॅकही आणून दिला. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणं हा वेगळा विषय. लॅक्टोज काढलं तरी प्रथिनं तिथेच असतात. तो पॅक आम्ही ऑफिसच्या कॉफीत संपवला.

"शेळीचं दूध पाजा, आमच्या गावाकडे पाजतात." गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं एकमेकांसारखी असतात. ज्याला एक चालत नाही त्याला बहुतेक वेळा दुसरंही चालत नाही.

"तूप म्हणजे काही दूध नाही." दुधाचा अंश त्यात राहतोच.

"आम्ही शेंगदाणे घातलेच नाहीत, नुसतं तेल आहे. तेही लाकडी घाण्याचं, एकदम शुद्ध!" इथेच तर मेख आहे. कारखान्यात रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या तेलात ती उरतात. हेल्दी म्हणून आपण सगळे घाण्याच्या तेलाकडे वळलो आणि माझं टेन्शन डबल झालं.

आणि प्रसाद! गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीनंतर एका आजोबांनी चिरंजीवांच्या हातावर पेढा ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाले, "सूनबाई, प्रसादाला नाही म्हणू नये. प्रसादानं काही होत नाही." अख्खं मंडळ बघत होतं. मी पाऊचमधून खोबरं-साखरेची डबी काढली, बाप्पासमोर ठेवली, त्यातलं चिमूटभर मुलाला दिलं आणि बाकीचं आजोबांच्या हातावर. "हा आमचा प्रसाद, आजोबा. तुम्हीपण घ्या." खिरापतच ती, त्यांना काय वाईट वाटणार! यंदा स्वतःच विचारत होते, आमच्या आरतीच्या दिवशी खिरापतच ठेवू का म्हणून.

त्या दिवशी डबी नसती तर? मी काय केलं असतं? अंगठ्याएवढा तुकडा असतो, सगळे बघत असतात, मूल हात पुढे करत असतं... खरं सांगते, मला माहीत नाही.

पाऊचमध्ये काय काय?

आता मुद्द्याचं. आमच्याकडे असे तीन पाऊच आहेत, तिन्ही पिवळे. एक माझ्या पर्समध्ये, एक पाळणाघरातल्या काकूंकडे, एक नवऱ्याच्या बॅगेत. गाडीत ठेवत नाही. मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते, खाऊ खवट होतो आणि इंजेक्शन तर उन्हात ठेवायचंच नसतं. फ्रीझरमध्येही नाही.

फंडा सोपा आहे. पाऊचमधल्या खाऊला गॅस लागता कामा नये, फ्रिज लागता कामा नये आणि तो पोटभरीचा हवा. चार द्राक्षं आणि एक टॉफी म्हणजे इमर्जन्सी फूड नव्हे. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मुलानं आधी घरी, निवांत वेळी, खाल्लेली असली पाहिजे. नवा पदार्थ ट्राय करायची जागा म्हणजे प्रवास नव्हे.

सातूचं पीठ. आमचा हीरो. घरी गहू आणि डाळं भाजून दळलेलं. गिरणीत नाही हं! गिरणीत आपल्या आधी कुणी काय दळलं कुणास ठाऊक. नव्या मिक्सरमध्ये दळते. त्यात गुळाची पूड आधीच मिसळलेली. पाणी घातलं, ढवळलं, दोन मिनिटांत जेवण तयार.

भाजके पोहे, त्यात मेतकूट आणि मीठ. नुसते खा, नाहीतर पाण्यात भिजवून खा. मेतकूट घरचं. आमच्या चिरंजीवांना हरभरा, डाळ चालते, हे तपासून घेतलंय. दाणे, डाळी, हरभरे एकाच कुळातले असले तरी दाणे न चालणाऱ्या बहुतेक मुलांना डाळी चालतात. पण 'बहुतेक' म्हणजे 'आपलं' नव्हे, डॉक्टरांना विचारायचं.

राजगिऱ्याचे लाडू. घरचे. बाजारातल्यांत बरेचदा दाणे असतात.

साखरफुटाणे. रडारड झाली तर लाच म्हणून!

पाण्याची छोटी बाटली, वाटी, स्वतःचा चमचा. चमचा फार महत्त्वाचा. हॉटेलातला चमचा आधी कोणत्या खिरीत होता, कोण सांगणार?

ओले टिश्यू. कोविडपासून आपण सगळे सॅनिटायझरवाले झालो. पण सॅनिटायझर जंतू मारतो, हातावरचा दाण्याचा अंश काढत नाही. तो निघतो साबण-पाण्यानं किंवा ओल्या टिश्यूनं पुसून.

इंजेक्शनची डबी आणि प्लॅनचा कागद. डॉक्टरांनी लिहून दिलेला आणि मला, नवऱ्याला, आईंना, पाळणाघरातल्या काकूंना समोर बसवून शिकवलेला. कोणती लक्षणं दिसली की काय करायचं, सगळं क्रमानं. आमच्या कागदावर सर्वांत वर मोठ्या अक्षरात लिहिलंय : श्वासाचा त्रास, मान टाकणं, एकामागोमाग उलट्या, आधी मांडीत इंजेक्शन, मग लगेच 108 ला फोन. अ‍ॅलर्जीचं गोड सिरप खाज कमी करतं, जीव वाचवत नाही. ते पाजून वाट बघत बसायचं नाही.

शिवाय प्रत्येक पुडीवर एक चिठ्ठी : आत काय आहे, कधी भरलं. तारीख बदलायचा दिवस ठरलेला. महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज आला की आधी तीन पाऊच रिकामे करायचे, मग शॉपिंग! काढलेला खाऊ वाया जात नाही. मी तो ऑफिसात नेते. आमच्या टीममध्ये आता सातूचे तीन फॅन आहेत.

विकतचं घ्यायचंच झालं तर लेबल वाचा, दर वेळी वाचा. 2020 च्या नियमांनुसार आपल्याकडे पॅकबंद पदार्थांवर दूध, शेंगदाणे, सुकामेवा, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेनवाली धान्यं वगैरे असतील तर तसं स्पष्ट छापावं लागतं. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन दिसलं तरी ते दूधच. 'मे कंटेन' लिहिलं असेल तर आमच्यासाठी ते 'आहे' असंच. कंपन्या कृती बदलतात, म्हणून मागच्या महिन्यात वाचलेलं लेबल या महिन्यात जमेस धरायचं नाही. आणि बेकरीतल्या सुट्ट्या बिस्किटांना, फरसाणाच्या दुकानातल्या शेवेला लेबलच नसतं, तेव्हा तिकडे बघायचंही नाही. एकाच कढईत, एकाच तेलात सगळं तळलेलं असतं.

पाळणाघरात आणखी एक डबा आहे, त्याचं नाव 'बड्डे डबा'. कुणाचा वाढदिवस असला आणि केक आला की काकू त्यातला खाऊ काढतात. पूर्वी ऐनवेळी काहीच नसायचं आणि तो कोपऱ्यात बसून इतरांची तोंडं बघायचा. एकदा मला रिक्षात म्हणाला, "आई, मी केक बघितला. छान होता." बघितला! त्या रात्री मी बिनदुधाचा, नारळाच्या दुधातला रव्याचा केक करायला शिकले. पहिला विटेसारखा झाला. आता त्याच्या वड्या घट्ट बंद करून काकूंच्या फ्रीझरमध्ये असतात.

एवढं सगळं मी अगदी एक्सेल शीटमध्ये ठेवलंय. रंग वगैरे देऊन. ऐकणाऱ्याला वाटावं, काय बाई आहे ही!

म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला जरा लाज वाटते.

घाटातली रात्र

गेल्या महिन्यातला, म्हणजे जुलैमधला रविवार. डोंबिवलीला नणंदेच्या मुलीचं बारसं. मी, नवरा, चिरंजीव, आई. सकाळी निघताना त्याचे दोन वेळचे डबे भरून घेतले. बारशाच्या जेवणात त्याच्यासाठी काही नसणार हे गृहीत होतं. दोन्ही डबे त्यानं फस्त केले. संध्याकाळी सहाला परत निघालो. नऊला घरी, साडेनऊला वरण-भात, दहाला झोप. प्लॅन चोख.

सव्वासातला खालापूरचा टोलनाका ओलांडला आणि थोडं पुढे जाऊन गाड्या थांबल्या. धो धो पाऊस. पुढे घाटात म्हणे एक ट्रेलर उलटलाय. फूडमॉल मागे राहिलेला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. अर्धा तास. एक तास. दोन तास.

"आई, भूक लागली."

मी रुबाबात पर्स उघडली. पाऊच नव्हता.

आदल्या रात्री मीच तो रिकामा केला होता. पुड्यांच्या तारखा बदलायच्या होत्या म्हणून पाऊच धुऊन ओट्यावर वाळत टाकला होता. इंजेक्शनची डबी आठवणीनं पर्समध्ये ठेवली. खाऊ राहिला. दुसरा पाऊच पाळणाघरात. तिसरा नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत, आणि रविवारी ऑफिसची बॅग कोण घेतं?

मोबाइलवर बोट ठेवलं की पंधरा मिनिटांत दारात कोथिंबीर हजर होते, अशी आपली पिढी. बोरघाटात काहीच हजर होत नाही, राव.

साडेनऊ वाजले. तो आधी चिडला, मग रडला, मग नुसता हुंदके देत पडून राहिला. शेजारच्या गाडीतल्या काकूंनी काच खाली केली. भली बाई. "अगं, किती रडतंय लेकरू! हे घे, बिस्किटं आहेत." प्लॅस्टिकची बरणी. लेबल नाही.

"काकू, त्याला दूध आणि दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे. ही कसली आहेत?"

"साधीच गं, बेकरीतली. दूधबिध काही नसतं त्यात. आमची नात रोज खाते."

तोपर्यंत चिरंजीवांनी बिस्किट बघितलं होतं. आणि मंडळी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मी बरणीत हात घातला. एक बिस्किट घेतलं. वास घेतला. तुपाचा येत नव्हता. मनात हिशेब सुरू झाला : साधंच आहे, त्या म्हणताहेत नाही म्हणून, अर्धंच देऊ, इंजेक्शन आहे ना जवळ... मी बिस्किटाचे दोन तुकडेसुद्धा केले.

सगळं माहीत असलेली मी. एक्सेल शीटवाली मी. चारही बाजूंनी गाड्या, अ‍ॅम्ब्युलन्स आली तरी आमच्यापर्यंत पोहोचणार कशी, आणि माझ्या तोंडात शब्द आला होता : "चालेल."

भुकेल्या मुलाच्या आईची हिंमत वाढते. ती अशी वाढते.

"थांब," मागून आई म्हणाल्या. त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली. शाल, चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी आणि सगळ्यात खाली रुमालात बांधलेला एक चपटा स्टीलचा डबा. डब्यात चार दशम्या. वर एक घडी घातलेली चिठ्ठी. आईंच्या अक्षरात : 'दूध नाही. तूप नाही. दाणे नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवली. सूर्यफुलाचं तेल.' खाली त्या दिवशीची तारीख.

दशमी खरं तर दुधात भिजवायची. आईंनी दूध काढून टाकलं होतं, दशमी ठेवली होती.

त्यानं दोन सलग खाल्ल्या. मग तिसरीतली अर्धी. मग "जेसीबी येणार का ट्रेलर उचलायला?" असं विचारलं आणि आजीच्या मांडीवर झोपला. काकूंचं बिस्किट मी त्यांना 'थँक यू' म्हणून परत केलं. दोन तुकड्यांत.

"कधी केल्या या?" मी विचारलं.

"सकाळी. तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

"आज कसं काय सुचलं?"

आई जरा वेळ काचेबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजच नाही. बाहेर निघालो की करते. त्या एकादशीपासून."

तीन वर्षं! मला आठवत होतं, कुठूनही बाहेरून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी आईंच्या बशीत चहाबरोबर शिळी दशमी असायची. मला वाटायचं, त्यांना आवडते. एकदा तर मी म्हटलंही होतं, आई, शिळं कशाला खाता, ताजी करून घ्या ना. त्या नुसत्या हसल्या होत्या.

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

"तुझं सगळं इतकं नीट असतं," त्या म्हणाल्या, "त्यात माझी लुडबुड कशाला? आणि माझ्या हातचं तू त्याला देशील की नाही, मला कुठे माहीत होतं."

वायपर चालू होते. नवरा उगाच आरसा पुसत होता. मी काही बोलले नाही, बोलता आलंच नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाड्या हलल्या.

तर आता आमच्याकडे चार पाऊच आहेत. चौथा आईंचा. पिवळा नाही, त्यांना तो स्टीलचा डबाच हवा होता. एक्सेल शीटमध्ये त्याचा वेगळा कॉलम आहे. आईंचा आग्रह, की त्यांचा कॉलम त्या स्वतः सांगणार आणि मी टाइप करणार.

दुधाची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची पुढे जाते, दाण्यांची साधारण पाचांतल्या एकाची. दर वर्षी तपासणी करतो, वाट बघतो. आमचा नंबर लागला तर ढोल वाजवू. नाही लागला तर पाऊच आहेच. मोठा झाला की त्याच्या बॅगेत जाईल, मग कॉलेजच्या सॅकमध्ये, मग त्याच्या ऑफिसच्या गेटवर कुणीतरी दादा विचारतील, ही पूड कसली म्हणून.

तुमच्या टीममध्ये, सोसायटीत, नात्यात असं एखादं मूल असेलच. त्याच्या आईला प्लीज, प्लीज 'थोडंसं' म्हणू नका. त्यापेक्षा पार्टीला बोलावताना आधी फोन करून विचारा, "त्याच्यासाठी काय ठेवू?" आणि ती म्हणाली, "काही नको, आमचा डबा आहे," तर रागावू नका. डबा उघडायला एक स्वच्छ जागा द्या, बास.

घाटातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी सकाळी अर्धा तास लवकर उठले. आईंच्या चहाबरोबर दशमी करून ठेवली. ताजी, गरम. जरा जाडच झाली आणि एका बाजूनं करपली.

आईंनी ती उलटीपालटी करून बघितली, तुकडा मोडला, चहात बुडवला.

"चालेल," म्हणाल्या.